सफारीवर वही घेऊन जा: प्राण्यांचं वागणं कसं पाहावं

पहिल्यांदा केनियाला गेले तेव्हा सहा दिवसांत चार ठिकाणं पाहिली. परतल्यावर नववीच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, सिंह काय करत होता?” मी म्हटलं, झोपला होता. “आणि हत्ती?” चरत होते. पुढचा प्रश्न तिनं विचारलाच नाही. मी जीवशास्त्राची शिक्षिका. एकेचाळीस प्राणी-पक्ष्यांची यादी करून आणली होती, पण त्यातला एक जीव दहा मिनिटं काय करत होता, हे काही मला सांगता येईना. ते मला फार लागलं.

धाकटी बहीण नैरोबीत राहते, त्यामुळे नंतर आणखी तीनदा जाणं झालं. दर वेळी ठिकाणं कमी केली आणि थांबणं वाढवलं. शेवटच्या खेपेला अकरा दिवसांत फक्त मसाई मारा आणि अंबोसेली. त्या खेपेच्या दोन वह्या भरल्या. आता निवृत्तीनंतर कऱ्हाडच्या घरी त्या चाळताना वाटतं, की कुणी मला पहिल्याच प्रवासाआधी या चार गोष्टी सांगायला हव्या होत्या.

कुठे, कधी, किती दिवस

एका ठिकाणी किमान चार रात्री राहा. मारा राखीव क्षेत्र साधारण १,५१० चौरस किलोमीटर आहे, अंबोसेली ३९२. नकाशावर अंबोसेली एवढंसं दिसतं म्हणून सहल आखणारे ते एका दिवसात उरकतात. पण पहिला दिवस नजर बसण्यात जातो. दुसऱ्या दिवशी तुम्हाला एखादा कळप, एखादी गुहा, एखादं पाणवठ्याचं वळण सापडतं. तिसऱ्या दिवशी तेच प्राणी पुन्हा भेटतात, आणि काल नव्हतं असं आज काय घडतंय ते कळायला लागतं. तुलनेला काहीतरी हाताशी असल्याशिवाय वागणं दिसत नाही, नुसता प्राणी दिसतो.

ऋतू तुम्हाला काय पाहायचंय त्यावर ठरवा. हत्तींसाठी जून ते ऑक्टोबर अंबोसेली. आजूबाजूचं पाणी आटतं, पण किलिमांजारोवरून जमिनीखालून झिरपत आलेल्या पाण्यावर इथल्या दलदली हिरव्या राहतात आणि हत्तींची कुटुंबं रोज तिकडे उतरतात. वाइल्डबीस्टची, म्हणजे गुरासारख्या दिसणाऱ्या मोठ्या आफ्रिकी हरणांची, पिल्लं जन्मताना पाहायची असतील तर जानेवारीअखेर ते मार्च, टांझानियातला एन्डुटूचा परिसर. ज्वालामुखीच्या राखेनं कसदार झालेल्या आखूड गवतावर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक माद्या वितात. पिल्लू दहा मिनिटांच्या आत उभं राहून आईमागे धावू लागतं. आपल्याकडे वासरू उभं राहायला किती वेळ घेतं ते ज्यांनी गोठ्यात पाहिलंय, त्यांना ही घाई पाहून गलबलून येईल.

जुलै ते ऑक्टोबर वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडताना दिसतात. त्यासाठीच सगळे जातात, पण वागणं पाहायला मला ती जागा तितकी आवडत नाही. धूळ, गाड्या, आरडाओरडा. गेलातच तर काठावर उडी मारणाऱ्यांकडे पाहण्याआधी मागे उभ्या कळपाकडे पाहा. कोण पाण्यापर्यंत येऊन मागे फिरतं, त्याच्यामागे किती जण फिरतात, शेवटी पहिलं पाऊल वाइल्डबीस्ट टाकतो की झेब्रा, हे मोजा. खर्चाचंही सांगते. २०२४ पासून माराचं परदेशी प्रौढांसाठीचं प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर आहे. मार्चमध्ये गेले तेव्हा तेवढ्याच पैशांत दुप्पट दिवस मिळाले आणि गाड्याही फार कमी होत्या.

ड्रायव्हरशी आदल्या संध्याकाळी बोला

आपला चालक हाच आपला वाटाड्या असतो, आणि बहुतेक पर्यटक त्याला प्राण्यांच्या आकड्यावर जोखतात. सकाळी दहापर्यंत सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रेडा दाखवला नाही तर बक्षिसी कमी होणार, या काळजीनं तो गाडी पळवतो. म्हणून आदल्या संध्याकाळी त्याच्यासोबत चहा घ्या आणि स्पष्ट सांगा: आम्हाला यादी पुरी करायची नाही. एका जागी दीड तास बसलो तरी चालेल. थांबल्याबरोबर इंजिन बंद करा.

हे सांगितल्यावर आमचे ड्रायव्हरदादा हसले आणि म्हणाले, “सुबिरी.” स्वाहिलीत म्हणजे थांबा, वाट पाहा. गाडीला तिथेही ‘गारी’च म्हणतात. त्यामुळे ‘गारी’ आणि ‘सुबिरी’ या दोन शब्दांवर आमचं बरंच निभावलं. दुसऱ्या दिवसापासून तेच मला सांगू लागले: त्या मादीचा कान बघा, ती उठणार. मारात जन्म गेलेला माणूस. पण हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

इंजिन बंद करायला सांगण्याची कारणं दोन आहेत. एक, डिझेल गाडीच्या थरथरीत दुर्बीण काही कामाची राहत नाही. दुसरं, तुम्हाला ऐकू येऊ लागतं: गवत उपटल्याचा आवाज, हत्तींच्या पोटातून आल्यासारखी गुरगुर, इम्पाला हरणांचं फुरफुरणं. गाडी प्राण्याच्या वाटेवर आडवी लावू नका. तो कुठे निघालाय ते पाहून बाजूला, थोडं पुढे थांबा, म्हणजे तो आपल्या गतीनं येईल आणि तुम्हाला त्याचा पाठलाग करावा लागणार नाही. रस्ता सोडून गवतात गाडी घालायला ड्रायव्हरला कधीही आग्रह करू नका. दंड त्याला होतो आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचीही वाट लागते.

सामान थोडं लागतं. दुर्बीण ८×४२ ची घ्या. आठ पट मोठं दिसतं, आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्पष्ट राहतं. बारा पटीची घेतली तर हाताच्या कंपानं सगळं नाचतं. मी जुन्या सतरंजीची एक पिशवी शिवून रिकामी नेते आणि नैरोबीत तिच्यात दोन किलो तांदूळ भरते. खिडकीवर ती ठेवून वर दुर्बीण टेकवली की अर्धा तासही मान अवघडत नाही. निघताना ते तांदूळ बहिणीच्या स्वयंपाकघरात जातात. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, चावणाऱ्या त्से-त्से माश्यांना ते रंग ओढतात. स्वेटर न्या. मारा पंधराशे मीटरच्या वर आहे आणि पहाटे उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते. बाकी लागते ती मनगटी घड्याळ, वही, आणि पेन्सिल. पेन उन्हात गळतं.

कॅमेऱ्याला पहिली पाच मिनिटं द्या. नंतर तो पिशवीत.

वहीत काय लिहायचं

अंबोसेलीत बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींवर एक निबंध लिहिला. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे आजही तो वाचूनच मैदानात उतरतात. त्यांचा मुद्दा साधा आहे. आपण मोकळेपणानं पाहत बसलो तर आपली नजर भांडणाकडे, पळापळीकडे, पिल्लांकडे धावते. जे शांतपणे चरतंय ते नोंदलं जात नाही, आणि मग वही वाचून वाटतं की प्राणी दिवसभर भांडतातच. त्यावरच्या त्यांनी सांगितलेल्या दोन पद्धती घरच्या माणसालाही जमतात.

पहिली, एका जिवावर नजर. कळपातली एक मादी निवडा आणि दहा मिनिटं फक्त तिचं लिहा. बाजूला दोन नर शिंगं भिडवू लागले तरी मान वळवायची नाही. हे कठीण जातं. मला पहिल्यांदा चार मिनिटंच जमलं. दुसरी पद्धत मी ‘हजेरी’ म्हणते, कारण तीस वर्षं तेच केलं. दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहायचं आणि डावीकडून उजवीकडे एकेक प्राणी घेऊन त्या क्षणी तो काय करतोय त्याची खूण करायची: च म्हणजे चरणं, र रवंथ, प पाहणं, चा चालणं, झो झोप. तासाभरात बारा हजेऱ्या होतात. खुणा मोजल्या की कळपाचा सकाळचा दिनक्रम कागदावर उभा राहतो.

वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे डोळ्यांनी दिसलं ते, उजवीकडे मनाला वाटलं ते. “हत्तीण रागावली” हे उजवीकडे. डावीकडे लिहायचं: “कान पसरले, डोकं दोनदा झटकलं, कान अंगावर आपटल्याचा आवाज, सोंडेनं धूळ पुढे फेकली.” हे दोन रकाने वेगळे ठेवलेत तर संध्याकाळी उजवा रकाना खोडता येतो. मी कितीतरी वेळा खोडलाय, आणि मला खरं शिकायला मिळालं ते त्या खोडण्यातूनच.

माणसं ओळखावीत तसे प्राणी ओळखायलाही शिका. आफ्रिकी हत्तीच्या कानाची कड फाटलेली, खाचा पडलेली असते, आणि प्रत्येकाची वेगळी. सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये अंबोसेलीत हत्तींची नोंद सुरू केली ती अशाच कानांवरून, आणि ते काम अजून चालू आहे. मी वहीत नुसती कानाची बाह्यरेषा काढते आणि खाचा दाखवते. चित्रकला येत नसली तरी जमतं. सिंहांच्या बाबतीत मिशांचे ठिपके पाहा. गालावर मिशांच्या ओळी असतात, आणि सगळ्यात वरच्या ओळीत मोजकेच ठिपके असतात. खालच्या ओळीच्या तुलनेत ते कुठे येतात यावरून सिंह ओळखण्याची पद्धत १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. झेब्र्याला खांद्यावरच्या पट्ट्यांवरून ओळखतात. ओळख पटली की ‘एक सिंहीण’ची ‘डाव्या गालावर दोन ठिपकेवाली’ होते, आणि परवा तिनं काय केलं होतं ते आठवतं.

ज्यांच्यापाशी कुणी थांबत नाही

सुरुवात इम्पालापासून करा. प्रत्येक वळणावर दिसतात म्हणून पहिल्या तासानंतर त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही. माझी सगळ्यात समाधानाची सकाळ इम्पालांसोबत गेली. दोन माद्या समोरासमोर आल्या. एकीनं दुसरीच्या मानेवर खालच्या दातांनी खालून वर खरवडायला सुरुवात केली. मी मोजू लागले. आठ वेळा, मग थांबली. आता दुसरीनं पहिलीची मान घेतली: सात वेळा. पुन्हा पहिली: नऊ. पुन्हा दुसरी: आठ. उसनं घ्यावं आणि लगेच परत करावं, अशी ही देवघेव अकरा फेऱ्या चालली. मानेवरच्या गोचिड्या स्वतःच्या तोंडाला पोचत नाहीत म्हणून हा शेजारधर्म. नात्याची असो नसो, इम्पाला हे करतात, आणि अभ्यासकांनीही ही परतफेड मोजलेली आहे. कळप राखणारा मोठा नर मात्र माजाच्या दिवसांत यात फारसा पडत नाही. त्याच्या अंगावर गोचिड्या जास्त सापडतात. तो नर शोधा, आणि तो किती वेळ खातो ते माद्यांशी ताडून पाहा.

त्याच माळावर टोपी नावाचं मोठं, तांबूस, मांड्यांवर निळसर काळे डाग असलेलं हरीण वारुळावर उभं दिसेल. वारुळावरून लांबवर दिसतं, आणि लांबूनही तो दिसतो. माजाच्या दिवसांत एका नरानं कान टवकारून जोरात फुरफुर केली. आम्ही त्याच्या नजरेच्या दिशेनं वीस मिनिटं सिंह शोधला. गवताचं पातं हललं नाही. ड्रायव्हरदादा म्हणाले, “ती निघाली होती ना, तिला थांबवलं.” मग लक्षात आलं, एक मादी त्याची हद्द सोडून त्याच दिशेनं चालली होती आणि आता परत फिरली होती. २०१० मध्ये माराच्याच टोपींवर अभ्यास प्रसिद्ध झालाय: मादी सोडून जाऊ लागली की नर धोक्याचा खोटा इशारा देतो. म्हणून इशारा ऐकला की तीन गोष्टी लिहा: कोणी दिला, त्या वेळी मादी कुठे चालली होती, आणि इतर जातींचे प्राणीही त्या दिशेला पाहू लागले का. झेब्रे चरतच राहिले, तर सिंह शोधायची घाई करू नका.

ताडोब्यात ‘चितळाचा कॉल आला’ म्हटलं की गाडीतले सगळे कसे सरसावतात, तसेच कान इथेही लावा. अंबोसेलीच्या व्हर्व्हेट माकडांवरचा १९८० चा अभ्यास तर पाठ्यपुस्तकांत आहे. बिबट्याला, गरुडाला आणि सापाला त्यांचे इशारे वेगळे. पहिला ऐकून ती झाडावर पळतात, दुसरा ऐकून वर बघत झुडपात शिरतात, तिसरा ऐकून मागच्या पायांवर उभी राहून गवतात पाहतात. आवाजातला फरक आपल्या कानाला लगेच कळत नाही, पण माकडं कुठे पळाली ते दिसतं. मी उलटं करते. आधी त्यांची नजर वर, खाली की लांब, ते पाहते आणि मग आकाशात किंवा गवतात दुर्बीण फिरवते. दोनदा गरुड सापडला.

जिराफ याहून सोपा. तीन जिराफ चघळणं थांबवून एकाच झुडपाकडे पाहत असतील तर तुम्हीही तिकडेच पाहा. गिधाडं गोल फिरत असतील तर त्यांचा शोध चालू आहे. पाय सोडून झपाट्यानं खाली येत असतील तर जमिनीवर काही पडलंय. आणि झाडावर बसून असतील तर खाणारा अजून तिथेच आहे.

हत्तींपाशी

आपल्याला लहानपणापासून हत्तीचं गंडस्थळ आणि मद हे शब्द ठाऊक आहेत. इथे ते शब्द थोडे सावधपणे वापरायचे. आफ्रिकी हत्तींत माद्यांच्याही डोळ्यांमागून ओघळ येतो. घाबरल्या, आनंदल्या, लांब गेलेलं कुटुंब भेटलं की गालावर ओली रेघ दिसते. तो माज नव्हे. माजावरचा नर ओळखायचा तर आणखी खुणा पाहा: गंडस्थळ सुजलेलं, डोकं उंच, हनुवटी आत, मागच्या पायांवर मूत्र ठिबकत राहिलेलं, आणि वास इतका उग्र की गाडीत बसूनही कळतो. आशियाई हत्तीचा माज आपल्या पूर्वजांना केव्हापासून माहीत होता, पण आफ्रिकी हत्तीलाही माज येतो याची शास्त्रीय नोंद हत्तींच्या अभ्यासक जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांनी केली ती थेट १९८१ मध्ये, अंबोसेलीतच. असा नर दिसला तर त्याला रस्ता द्या. गाडी आधीच मागे घेऊन ठेवा.

कुटुंब दलदलीकडे उतरत असेल तेव्हा दुपारी बाराच्या सुमारास वाटेच्या बाजूला थांबा. बाकीच्या गाड्या जेवायला गेलेल्या असतात. तुम्ही डबा सोबत घ्या. कुटुंबाची प्रमुख बहुधा सर्वांत वयस्क हत्तीण. ती थांबली की सगळ्या थांबतात. सगळ्या एकदम निश्चल झाल्या, पिल्लांसकट, तर त्या ऐकताहेत. हत्तींच्या गुरगुरीचा बराचसा भाग माणसाच्या कानापलीकडचा, फार खोल सुराचा असतो. आपल्याला ऐकू येत नाही, पण बोलणाऱ्या हत्तिणीचं कपाळ हलकंसं थरथरतं आणि कान फडफडतात. दुर्बीण कपाळावर धरा. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा अंगावर काटा आला.

एका दुपारी तरुण हत्तीण आमच्या गाडीसमोर वीस-पंचवीस पावलांवर येऊन उभी राहिली. पुढचा एक पाय उचलून पुढे-मागे झुलवत होती. सोंडेचं टोक पिळून स्वतःच्या गालाला लावत होती. गवत उपटलं, पण खाल्लं नाही. मी उजव्या रकान्यात लिहिलं ‘खेळतेय’. ड्रायव्हरदादांनी मान हलवली. तिचं ठरत नव्हतं. पुढे यावं की जावं. आम्ही हललो नाही. सात मिनिटांनी तिनं तेच गवत तोंडात घातलं आणि बाजूनं निघून गेली. ‘खेळतेय’ खोडलं, ‘संभ्रम’ लिहिलं. पाय झुलवणं, उगाच गवत उपटणं, स्वतःच्या तोंडाला सोंड लावणं या तीन खुणा तेव्हापासून माझ्या वहीच्या आतल्या मुखपृष्ठावर आहेत. त्या दिसल्या की बोलणंसुद्धा थांबवा. कान पसरून, डोकं झटकून, ओरडत धावणारी हत्तीण बहुतेकदा भीती घालत असते. कान मागे घट्ट, सोंड आत दुमडलेली आणि आवाज नाही, असं रूप दिसलं तर निरीक्षण संपलं. तिथून निघायचं.

सिंह, चित्ता, आणि तरसाची गुहा

सिंह दिवसातले वीस तासही पडून राहतो, म्हणून सिंहापाशी संध्याकाळी साडेपाचला जा. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य साधारण साडेसहाच्या पुढेमागे मावळतो आणि उजेड झपकन जातो, त्यामुळे वेळ थोडा असतो. झोपलेल्या कळपात कोण कोणाला टेकून आहे ते काढून ठेवा. मग जांभया मोजा. एकीनं जांभई दिली की शेजारचीला येते, आणि त्यानंतर त्या दोघी एकाच सुमाराला उठतात, एकाच दिशेला चालतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांवरच्या २०२१ च्या अभ्यासातही हेच आढळलं. एका संध्याकाळी ५.५२ ते ६.०९ या वेळात मी चौदा जांभया नोंदल्या आणि ६.११ ला सगळ्या उठल्या. उठल्यावर एकमेकींच्या हनुवटीखाली डोकं घासतात. कोण कोणाकडे चालत जाऊन घासते, ते लिहा.

चित्त्याच्या बाबतीत मला कळकळीनं सांगायचंय. तो दिवसा शिकार करतो आणि म्हणून गाड्यांच्या तावडीत सापडतो. पहिल्या खेपेला मी ज्या गाडीत होते ती एका मादीभोवतीच्या एकोणीस गाड्यांपैकी एक होती. ती तीनदा शिकारीसाठी उठली आणि तीनदा बसली. मारात एका प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या, असा नियम आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माराच्या अभ्यासात पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात मादीची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली. वर्दळ कमी तिथे २.३. तुमच्याआधी पाच गाड्या असतील तर जाऊ नका. आणि एकटेच असाल तरी ती वारंवार गाडीकडे पाहू लागली, कान मागे गेले, वाट बदलली, तर निघा. वहीत लिहा की आपल्यामुळे ती अस्वस्थ झाली म्हणून निघालो. तेही निरीक्षणच आहे.

आणि एक संध्याकाळ तरसांना द्याच. आपल्याकडे तरस म्हटलं की लोक तोंड फिरवतात. इथलं ठिपकेदार तरस वेगळं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक हान्स क्रूक यांनी १९६० च्या दशकात टांझानियातल्या एन्गोरोंगोरोच्या विवरात रात्री-रात्री जागून दाखवलं, की ही तरसं आपलं बहुतेक अन्न स्वतः मारून खातात, आणि कितीतरी वेळा सिंहच येऊन ते हिसकावतात. कळपात माद्यांचं राज्य. आईचा मान मुलीला मिळतो. सकाळी सात किंवा संध्याकाळी पाच वाजता गुहेपासून थोड्या अंतरावर थांबा. आई येऊन तोंड खाली करून हलकं कण्हल्यासारखा आवाज काढते आणि आतून काळीभोर पिल्लं बाहेर पडतात. दोन मोठी तरसं भेटली की उलट तोंडांनी उभी राहून मागचा पाय उचलतात आणि एकमेकींना हुंगतात. आधी पाय कोण उचलतं पाहा. बहुधा जिचा मान कमी ती. तीन संध्याकाळी हे टिपलंत तर त्या कळपाची उतरंड तुमच्या वहीत तयार होते. आमच्या वहीतल्या पाच माद्यांची झाली होती, आणि ती पाहून ड्रायव्हरदादांनी त्यांच्या मुलासाठी त्या पानाचा फोटो काढून घेतला.

रात्रीचं काम

जेवणानंतर छावणीत दिवे गेले की तंबूत वही उशाशी घेऊन पडा. सिंहाची डरकाळी शांत रात्री आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते. तरसाची हाक खालून सुरू होऊन वर चढत जाते, पुन्हा खाली, पुन्हा वर. प्रत्येक आवाजाची वेळ लिहा आणि दिशेसाठी तंबूच्या दाराकडून बाण काढा. पहाटे ड्रायव्हरदादांना ते पान दाखवा. तीन सकाळी आम्ही बाणाच्या दिशेनं निघालो आणि दोनदा अर्ध्या तासात तेच सिंह सापडले. दिवसाचा उजवा रकानाही याच वेळी वाचा, आणि खोडायचं ते खोडा. सव्वापाचला चहा येतो आणि तेव्हा बाहेर काळोख असतो, म्हणून पेन्सिलीला टोक रात्रीच करून ठेवा.